तेलाचा हात

सलोनीला झोपवून मी बाहेरच्या खोलीत आले तेव्हा अश्वजीतनं सगळं सामान सतरंजीवर मांडलं होतं आणि स्वतः मधोमध मांडी घालून बसला होता.

"या मॅडम," तो म्हणाला, "दुकान लागलंय. जो चाहिए उठा लो."

अश्वजीत आणि मी अंदमानला एकत्र डायव्हिंग शिकलो. तो इथं जबलपूरलाच फॅक्टरीत नोकरीला आहे, मी कॉलेजात शिकवते, आणि सुट्टी मिळाली की आम्ही दोघं कुठं ना कुठं पाण्यात असायचो. सलोनी पोटात असल्याचं कळलं आणि माझं पाण्यात उतरणं सुटलं. आता रविवारी शहपुऱ्याच्या वाटेवरच्या एका जुन्या दगडखाणीत उतरायचं ठरलं होतं. खाण बंद पडून पाण्यानं भरली आहे, आणि खूप खोल आहे. इतक्या खोल जायला साधं सामान पुरत नाही. प्रत्येक गोष्टीची जोडी लागते, एक दगा देईल तेव्हा दुसरी हाताशी असावी म्हणून. ते निवडायला तो आला होता. मला मात्र निवडता निवडता एवढंच बघायचं होतं, की पाण्याखाली जाणारी ती यशश्री अजून माझ्यात आहे का. रविवारी उतरले नाही तर पुन्हा कधीच उतरणार नाही, असं का कोण जाणे मनानं घेतलं होतं.

पाठीवरच्या टाक्यांचा पट्टा मी अंगावर चढवला. कमरेशी बक्कल लागेना.

"पट्टा वही है," अश्वजीत म्हणाला. "मॅडम बदल गयी."

"बदलणार नाही तर काय?" स्वयंपाकघरातून आई म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, प्रमोदिनी. "लेकरू काढलंय तिनं. तू एक काढून दाखव, मग बोल."

"काकू, मी आधी पट्टा मोठा करतो."

पदराला हात पुसत आई बाहेर आल्या आणि सोफ्याच्या कडेला टेकल्या. माझं डायव्हिंग त्यांना कधी आवडलं नाही. अमेय, माझा नवरा, आठवडाभर भोपाळला असतो, त्यामुळे त्याच्या वाटणीची काळजीही त्याच करतात. सतरंजीवरची एकेक वस्तू त्या बाजारात वांगी बघावी तशा बघत होत्या.

"ही एवढी लांब नळी काहून?"

"सोबत्याची हवा संपली तर त्याला द्यायला," मी म्हणाले. "आपल्या तोंडात असते ना, तीच काढून द्यायची."

"तोंडातली काढून? मग आपण काय करायचं?"

"आपण गळ्यात अडकवलेली दुसरी घ्यायची. पण आधी त्याला."

आईंनी अश्वजीतकडे पाहिलं. "म्हणजे हिला तू देशील?"

"देना पड़ेगा काकू. नाहीतर तुम्ही मला जेवायला बोलावणार नाही."

त्या हसल्या नाहीत. ती नळी नीट गुंडाळून खाली ठेवली. मग कोपऱ्यातल्या दोन छोट्या सिलिंडरांकडे बोट केलं. "आणि हे?"

एक माझा होता, एक अश्वजीतचा. दोन्हींत शुद्ध ऑक्सिजन. मी त्यांना सांगितलं, की खोलातून सरळ वर येता येत नाही, वर पोचण्याआधी थांबून थोडा वेळ हा घ्यावा लागतो. नाही घेतला तर रक्तातली हवा बुडबुडे होऊन अंगात अडकते.

"म्हणजे ह्याच्यावरच सगळं?"

"शेवटी ह्याच्यावरच."

"कुठून येतं ते?"

मी तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी काढून दाखवलं. "इथून. ह्या तोंडातून."

आईंनी मान हलवली आणि कुकर बघायला आत गेल्या. त्या गेल्यावर अश्वजीतनं माझ्या हातांकडे पाहिलं. "धुतलेस ना? तुझ्या हाताला दिवसभर तेल असतं."

"भांड्यांच्या साबणानं धुतलेत, बाबा."

ऑक्सिजनला तेल चालत नाही. आम्हाला शिकवलेल्या पहिल्या गोष्टींपैकी ही एक. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला तर पेटायला काडी लागत नाही. म्हणून त्याला लावायचा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं यंत्र, वेगळा ठेवतात. माझं जुनं चांगलं होतं, पण साध्या हवेवर वापरलेलं. अश्वजीतनं ते बाजूला सारलं आणि पिशवीत सीलबंद असलेली दोन नवी यंत्रं पुढं ठेवली. "ह्यात कंजूसी नाही."

तेवढ्यात सलोनी उठली. मी तिला पाजायला आत गेले. खाली कुणी गाडी काढायला हॉर्न मारून राहिलं होतं, म्हणून अश्वजीत आपली बाईक हलवायला उतरला. मी परत आले तेव्हा तो आपला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा होता. "घरी लावून बघतो. तूही बघ, आणि फोन कर."

उन्हं उतरल्यावर मी माझा सिलिंडर दोन पायांत धरून बसले. सलोनी शेजारी चटईवर पालथी पडून माझ्या काढून ठेवलेल्या पायमोज्याचं टोक चघळत होती. मी टोपी काढली, रेग्युलेटर आट्यांवर बसवायला घेतला, आणि बोटांना ओव्याचा वास आला.

सलोनीच्या मालिशचं तेल आई ओवा घालून कढवतात. तो वास माझ्या केसांत, उशीत, कॉलेजच्या ओढणीतसुद्धा असतो. मला वाटलं, माझेच हात. उठले, साबण लावून लावून धुतले, कोरडे केले, पुन्हा बसले. वास तिथंच होता. मोबाईलचा दिवा लावून मी सिलिंडरच्या तोंडात पाहिलं. आतल्या आट्यांवर ओलसर चकाकी होती, आणि तिच्यात कुंकवाचा एक कण.

सिलिंडर उघडायच्या किल्लीवर माझा डावा हात होता. तो मी काढला. बोटं एकेक करून काढावी लागली. मग सलोनीला उचललं आणि भिंतीपर्यंत मागं सरकले. काहीच झालेलं नव्हतं. खोलीत पंखा चालू होता आणि लेकीच्या तोंडात माझा मोजा होता.

"आई," मी हाक मारली. पुन्हा मारली.

त्या आल्या. मी नुसतं बोट केलं.

"दिसलं का तुला?" त्या जरा लाजल्या. "मी मुद्दाम आत लावलं. बाहेर लावलं असतं तर तो हसला असता. नवी वस्तू घरात आली, पूजा नको? ह्या तोंडातूनच श्वास येतो म्हणालीस, म्हणून तिथंच बोट लावलं. कुंकू चिकटेना, तर आपल्या बाईच्या, सलोनीच्या, तेलात कालवलं. तिच्या तेलाला काय वाईट?"

"एकालाच लावलं?"

"एकाला कसं? तो तुला तोंडातली हवा देणार म्हणाला. त्याच्याही सिलिंडरला लावलं. काहून, त्याला सोडू?"

अश्वजीतचा फोन वाजत राहिला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला, तसाच वाजला. सलोनी माझ्या कानातलं ओढत होती आणि मला ते लागतही नव्हतं. मग भावनाचा नंबर लावला, त्याच्या बायकोचा.

"हां दीदी, बोला."

"अश्वजीत कुठं आहे?"

"छतावर. मी पण इथंच आहे, वाळलेले कपडे काढून राहिले. ते सिलिंडर लावून बसलेत. ऐका ना, हिस्स करतंय, ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं.

"भावना, तू लांब हो. त्याला फोन दे. नाही, फेक त्याच्याकडं, जवळ जाऊ नको."

"काय झालं?"

"दे!"

तो फोनवर आला. "अरे एकदम बढिया चालतंय, तू उगाच..."

"त्यात तेल आहे. आईंनी तोंडाला तेल लावलंय. दोन्हींच्या."

पलीकडे हिस्स चालूच होतं. मग ते थांबलं. मग छतावरचे कावळे ऐकू आले, आणि भावनाचं "क्या हुआ जी, क्या हुआ" असं लांबून.

"अश्वजीत?"

"मी बंद केलं," तो म्हणाला. "भावना, खाली जा. सीधा नीचे."

तो आला तेव्हा अंधारून येत होतं. सिलिंडर छतावरच सोडून नुसता रेग्युलेटर रुमालात गुंडाळून आणला होता. बसला आणि मला तोंडाकडची जाळी दाखवली. पिठाच्या चाळणीहून बारीक अशी ती जाळी असते. तिच्यात तांबूस डाग होता.

"आत गेलं होतं," तो म्हणाला. "ऑक्सिजनसोबत आत गेलं आणि पेटलं नाही."

"हळू उघडलंस?"

"हळूच उघडतो मी. पण हळू उघडूनही..." तो हसायला लागला. हसू थांबेना. "मी तिला बोलावत होतो, यशश्री. म्हटलं इकडे ये, बघ कसा आवाज येतो. ती म्हणाली, आधी कपडे." हसता हसता त्यानं तोंडावर हात दाबला.

आई चहा घेऊन आल्या. त्याच्या हातातल्या जाळीकडे वाकून त्यांनी पाहिलं, आणि चेहरा उजळला. "अय्या, तिथपर्यंत पोचलं?"

अश्वजीतनं माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी किंचित हलवली, की नको सांगू. मलाही सांगायचं नव्हतं. पण हे सामान ह्याच घरात राहणार होतं, आणि ते बोटही.

"आई, बसा," मी म्हणाले. आणि सांगितलं. स्फोट हा शब्द वापरला नाही. पेटलं असतं, एवढंच म्हटलं. तो छतावर होता, भावना होती. आणि इथं मी.

"आणि बाई?" त्यांनी विचारलं.

"शेजारी होती. चटईवर."

त्यांनी कप खाली ठेवला नाही, तो तसाच तिरपा होत गेला आणि चहा साडीवर सांडला. मी उठायच्या आत त्या मोरीत गेल्या. नळाचा आवाज येत राहिला. भांड्यांची घासणी बोटांवर घासल्याचा आवाज येत राहिला. अश्वजीत दारापर्यंत गेला, "काकू, जाने दो, काही झालं नाही ना," म्हणाला, आणि परत येऊन बसला.

"रविवार कॅन्सल," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"पुढं ढकलू. सगळं धुऊन येऊ दे."

"तू उतरशील?"

"उतरेन," मी म्हणाले, आणि ते खरं आहे हे ऐकून माझं मलाच आश्चर्य वाटलं. "पण आज विचारू नकोस."

आई बाहेर आल्या. बोटं लाल झाली होती. सलोनीनं त्यांना पाहिलं आणि माझ्या कडेवरून दोन्ही हात त्यांच्याकडे टाकले, रोज टाकते तसे. आईंनी हात पाठीमागं नेले.

"यशू, मी... घेऊ का हिला?"

सलोनी चिडून रडायला लागली. मी तिला पुढं केलं. आईंनी तिला घेतलं, पण बोटं नाही लावली. मुठी घट्ट मिटून, कोपरांच्या आत धरून उभ्या राहिल्या, आणि सलोनी रडता रडता गप्प होऊन त्यांची मूठ उघडायला लागली.