न उघडायचं घड्याळ

शुक्रवारी दुपारी, हरवलेल्यांचा ठाव सांगणाऱ्या मानांग पुरिंगच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. विहिरीच्या कठड्यावर, केळीच्या बुंध्यांशी, कोंबड्यांच्या खुराड्यावरसुद्धा माणसं. फिलिपाइन्समधल्या इलोइलोच्या त्या किनाऱ्यावर घरटी एक पुरुष बोटीवर नोकरीला होता आणि समुद्र काही सगळ्यांना परत पाठवत नाही. म्हणून मानांगकडे बायकांना तोटा नव्हता. कुणी नवऱ्याची टोपी आणी, कुणी चप्पल. पण गर्दी जमायची ती नोरिताच्या घड्याळासाठी.

"ऐका, कान लावून ऐका!" मानांग ते बंद घड्याळ पुढच्या रांगेतून फिरवी. "आहे आवाज?"

"नाही बाई. मेल्यासारखं गार पडलंय."

मग मानांग घड्याळ रुमालात गुंडाळी, दोन्ही तळव्यांत धरी आणि घुमू लागे. हात डावीकडे, हात उजवीकडे, मेणबत्तीभोवती गरगर. "एर्मिनियोऽऽ! सात समुद्र ओलांडून ये रे! बायको वाट बघतेय, भात निवतोय!" दहा मिनिटांनी रुमाल उघडला, की टिक टिक टिक. सेकंदाचा काटा तुरुतुरु पळत असे आणि अख्खं अंगण छातीवर क्रूस काढी.

"जिवंत आहे!" मानांग धापा टाकत सांगे. "एका बेटावर आहे. तहानलाय. तुझी आठवण काढतोय."

नोरिता रडे. तिची बारा वर्षांची लेक लिवायही रडे, पण आनंदाने. ताताय, तिचे बाबा, जिवंत आहेत!

अकरा महिन्यांपूर्वी वादळात एर्मिनियो बोटीवरून समुद्रात पडला. सहा दिवस शोधलं, सापडला नाही. पट्टा तुटला होता म्हणून घड्याळ बोटीवरच्या खोलीतल्या खणात राहिलं होतं, ते शर्टांबरोबर पेटीतून घरी आलं. पहिल्या सफरीत सिंगापुरात घेतलेलं, वीस वर्षांचं जपानी आपोआप चालणारं घड्याळ. नोरिताने बाजूची चावी फिरवफिरव फिरवली, ते ढिम्म हललं नाही. आणि मानांगच्या हातात मात्र जिवंत झालं! मग विश्वास बसायला वेळ कितीसा लागतो?

मानांगचे दंडक दोन. घड्याळ कुणी मनगटावर घालायचं नाही, घरी बाळ येशूच्या मूर्तीपुढे ठेवायचं. आणि ते उघडायचं नाही. "घड्याळजीचं हत्यार ज्या दिवशी आत गेलं, त्या दिवशी त्याचा श्वास तुटला म्हणून समज."

पहिल्या पहिल्यांदा ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालायचं. मग सकाळपर्यंत. आता रात्रीची जेवणं होईतोवर थांबे.

"क्षीण होतोय गं," मानांग म्हणाली. "पुढच्या खेपेला तांदळाचं पोतं आण."

चर्चचे पाद्री वर्षाच्या प्रार्थनेचं विचारायला आले, तेव्हा नोरिता उसळली. "जिवंत माणसाची कसली मरणाची प्रार्थना?" अकरा महिने तिने शोकाचे काळे कपडे अंगाला लावले नव्हते.

एकदा आई बाजारात गेलेली असताना लिवायने मूर्तीपुढची धूळ पुसली. घड्याळ हाताला लागलं. मानांगचा दंडक तिला पाठ होता, तरी तिने ते घाघऱ्याच्या खिशात टाकलं आणि अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला गेली. ताताय तिच्या उड्या मोजायचे. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. दम खायला थांबली तर खिशात टिक टिक टिक.

ती तशीच पळत सुटली ती थेट बाजारात, लोलो क्विरिनोच्या टपरीवर. डोळ्याला भिंग लावलेला हा म्हातारा चाळीस वर्षं तिथेच घड्याळं दुरुस्त करत होता.

"लोलो, ताताय आलेत! मानांगशिवाय आलेत, माझ्याकडे! किती वेळ राहतील?"

लोलोने भिंग काढलं. घड्याळ त्याने पाहताक्षणी ओळखलं.

"बस आधी. तू काय करत होतीस?"

"उड्या मारत होते."

लोलोने दुसरं एक घड्याळ काढलं, तसंच, पण पाठीचं झाकण उघडलेलं. आत अर्ध्या चंद्रासारखी पितळी चकती होती. त्याने घड्याळ कलतं केलं, चकती गर्रकन फिरली.

"ही फिरली की आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, गुंडाळली जाते. घालणाऱ्याचा हात हलतो, घड्याळ चालतं. बाजूच्या चावीने या जातीचं घड्याळ भरत नाही, तिने फक्त काटे लावायचे. पडून राहिलं की थांबणार. हातात घेऊन घुमलं की चालणार. तू घुम, मी घुमतो, नाहीतर माकड घुमो."

लिवायचा चेहरा हळूहळू उतरला. "मग लवकर का थांबतं? ताताय क्षीण झालेत म्हणून ना?"

"तेल सुकलंय, बाळ. पाच वर्षं झाली की साफ करून नवं तेल घालावं लागतं. हे कोरडंच ओढलं तर आतले दात झिजतील."

"मग उघडा ना आत्ता."

"तुझ्या आईने सांगितल्याशिवाय नाही. आणि माझ्यावर तरी विश्वास का ठेवतेस? स्वतः करून बघ."

तिने आठवडाभर करून पाहिलं. प्रत्येक वेळी लोलोचं म्हणणं चुकावं असं तिला मनापासून वाटत होतं. एकदाही चुकलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मानांगने घड्याळ मागितलं, तेव्हा लिवायने आईकडून पिशवी घेतली आणि उठून रुमालातली पुडी मानांगच्या हातात दिली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी ऐकलं, बंद होतं. मानांग घुमली, मेणबत्ती फडफडली, काटा पळू लागला.

"आला! त्याच बेटावर आहे. नारळाच्या पाण्यावर दिवस काढतोय. पाय सुजलाय बिचाऱ्याचा!"

"मानांग," लिवाय म्हणाली, "हे तातायचं घड्याळ नाही. लोलो क्विरिनोंचं आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. विहिरीशी लोलो भाजलेलं कणीस खात उभा होता.

"पाय बरा आहे माझा," तो म्हणाला. "आणि बेटावर नाही, बाजारात असतो."

हशा पिकला. मानांग ओरडली, "अविश्वासू पोरगी! आत्म्याचा गोंधळ उडवला!"

"आत्मा कसला?" एक कोळीण म्हणाली. "परवापर्यंत तर तो जिवंत होता!"

लिवायने आईच्या पिशवीतून बापाचं घड्याळ काढलं, बंदच होतं, आणि त्या कोळणीला दिलं. "आजी, तुम्ही हलवा." आजीने जाळं झटकावं तसं हलवलं. टिक टिक टिक. ते हातोहात फिरलं. मागे नवऱ्याची टोपी घेऊन बसलेल्या बाईने मात्र ती छातीशी घट्ट धरली आणि कुणाकडेही न बघता निघून गेली.

नोरिता हसली नाही. तिने घड्याळ घेतलं आणि मुलीचा हात धरून बाहेर पडली.

परतताना तीनचाकी रिक्षा खड्ड्यांतून उडत होती. मानांगकडे जाताना आई नेहमी पिशवी दोन्ही हातांनी मांडीच्या वर अधांतरी धरायची, अंडी नेल्यासारखी. लिवायला वाटे, भक्ती. आज पिशवी मांडीवर नुसती पडली होती. आत घड्याळ टिकटिकत होतं.

"नानाय, रागावलीस?"

"पहिल्या महिन्यात एकदा रिक्षातच सुरू झालं होतं. तेव्हापासून मी पिशवी हलू देत नव्हते. तिथे पोचेपर्यंत बंद राहावं म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"एक रात्र तरी चालायचं ना गं."

लिवायने आईच्या दंडावर डोकं टेकलं. फसवणारा एकटा फसवत नाही. आपलं दुःखही त्याच्या बाजूने साक्ष देतं. म्हणून दुःखात असलेल्या माणसाला हसू नये. आणि म्हणूनच, कुणी "हे उघडू नका, हे तपासू नका" म्हणालं, की दुःखातसुद्धा एवढं विचारावं: का नको? खरं असेल ते उघडल्याने मरत नाही. खोटं असेल ते झाकल्याने जगत नाही.

वर्ष पुरं झालं त्या दिवशी, ज्या दिवशी इतर बायका काळे कपडे उतरवतात, नोरिताने ते पहिल्यांदा अंगात घातले. प्रार्थना झाली. तिथून मायलेकी लोलोच्या टपरीवर गेल्या.

"शहरात मोठी दुकानं आहेत," लोलो म्हणाला.

"ते तुमच्याकडे आणायचे. उघडा."

झाकण निघालं. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या तीन बारीक तारखा होत्या, प्रत्येकीपुढे लोलोची खूण. घड्याळ साफ केलं की घड्याळजी अशी तारीख कोरून ठेवतो.

"चौथी वेळ आली होती," लोलो म्हणाला. "गेल्या खेपेला टपरीसमोरून जाताना म्हणाला, घाई आहे, आल्यावर देतो."

नोरिताने तिसऱ्या तारखेखालच्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला. त्याच्यासाठी तिने कुठेच तारीख लिहू दिली नव्हती, थडग्याच्या दगडावर नाही, चर्चच्या वहीत नाही.

"आजची घाला," ती म्हणाली. "आणि नव्या पट्ट्याला भोकं जास्त पाडा. माझं मनगट बारीक आहे."