बागेचं पाणी

"पाणी सोडू नका हो! संडास, मोरी, काही नाही! खाली माणूस उतरलाय!"

सकाळपासून ओरडून माझा घसा बसला होता. आमचं काम असंच. गल्लीतली मुख्य लाइन तुंबली की एकजण चेंबरमध्ये उतरतो आणि दुसरा घरोघर जाऊन मोऱ्या बंद ठेवायला सांगतो. त्या दिवशी खाली माझा मेहुणा होता. कुणी बादलीभर पाणी ओतलं तर ते त्याच्याच अंगावर जाणार. पण लोकांना पटेल तर शपथ! "दर महिन्याला बिल घेता आणि वर मोरीही वापरू देत नाही?" म्हणत एकीने माझ्या तोंडावर दार आपटलं. बिल काय मी लावतो?

शेवटचं घर म्हाताऱ्याचं. होता शिंपी, पण आम्ही त्याला 'वकील' म्हणायचो. गटाराचं बिल मीटरवर लागतं. जेवढं पाणी घरात आलं, तेवढं गटारात गेलं असं धरतात. म्हाताऱ्याला हे कधीच पटलं नाही. "अरे, माझं अर्धं पाणी झाडं पितात! त्याचं बिल मी का भरू?" आमची गाडी दिसली की हा काठी आपटत फाटकात हजर.

"आजोबा, ऑफिसात जा. माझं डोकं खाऊ नका," मी वैतागून म्हणायचो. ऑफिसात तो वर्षानुवर्षं जातच होता. तिथे कुणी दाद देत नव्हतं, म्हणून माझ्याशी भांडायचा. खरं सांगू? आम्ही आलो की बाकीचे नाक दाबून खिडक्या लावून घेतात. भांडायला का होईना, हा एकटाच बाहेर यायचा. मला तो आवडायचा.

त्या दिवशी फाटकात कुणी नव्हतं. दार त्याच्या मुलीने उघडलं. डोळे सुजलेले.

"ताई, दुपारपर्यंत पाणी सोडू नका."

"बाबा पहाटे गेले," ती म्हणाली. "न्यायला गाडी निघालीय. त्यांना आंघोळ घालायचीय."

मेहुणा चांगलाच आत गेला होता. त्याला बाहेर काढेपर्यंत गाडी येऊन उभी राहिली असती.

"राहू दे," तीच म्हणाली. "ओल्या फडक्याने पुसते." आणि तिथेच दाराला धरून रडायला लागली. "आंघोळ केल्याशिवाय एक दिवस चहा घेतला नाही हो त्यांनी!"

"पुसायचं काय म्हणून?" मी खेकसलोच. "मागे बाग आहे ना? खाट बाहेर काढू, झाडांत घालू आंघोळ. तिथलं पाणी कुठे गटारात जातंय?"

बोलून गेलो आणि ओशाळलो. ती रडता रडता हसली.

"हेच सांगत होते ना तुम्हाला इतकी वर्षं?"

"हेच."

"मग चला. मी एकटी आहे, उचलायला हात लावा."

"ताई, माझे हात..." मी ते मागे घेतले. "कुठून आलोय मी, बघताय ना?"

"नळाशी साबण आहे," ती म्हणाली. "तिथलंही पाणी झाडांतच जातं."

मी कोपरापर्यंत हात घासले. मग पुन्हा घासले. दोघांनी मिळून त्याला चादरीसकट उचलून लिंबाखालच्या खाटेवर ठेवलं. तिने गॅसवर तापवलेलं पाणी आणून बादलीत विसणलं. मी मान सावरून धरली. एवढा भांडखोर माणूस, आणि आज एक शब्द बोलत नव्हता. मला ते सहन होईना.

तिने पहिला तांब्या त्याच्या खांद्यावर ओतला.

"कोमट आहे ना हो, बाबा?"

रोजच्या सवयीने विचारलं तिने, आणि तशीच थांबली. दुसरा तांब्या भरलेला, पण ओतवेना.

"आहे," मी म्हणालो. "कोमटच आहे. घाला."