सिकोयाजवळची होळी

मुक्ताच्या आईने आयर्लंडला आल्यावर पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं की या देशात बघण्यासारखं एकच आहे आणि ते घरामागेच उभं आहे. समुद्रावरचे कडे तिने "वारा लय हाय" म्हणून निकालात काढले. डब्लिनबद्दल तर ती काही बोललीच नाही. ड्रोहेडाबाहेरच्या त्यांच्या वसाहतीला लागून एका जुन्या इस्टेटीचं कुरण होतं आणि त्या कुरणात एक सिकोयाचं झाड होतं. सकाळी धुकं असलं की त्याचा नुसता बुंधा दिसे, वरचं सगळं झाड ढगात राहायला गेलेलं असे. आई साडीवर जावयाचं जाकीट चढवून, मोज्यांवर चपला घालून रोज त्याच्याकडे जाई.

इस्टेटीची मालकीण मिसेस मॅकेव्हिट त्या झाडाला 'युअर मॅन' म्हणे. तिकडे कुणाचंही नाव घ्यायचा कंटाळा आला की असंच म्हणतात. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि मिसेस मॅकेव्हिटला मराठी, तरी दोघींचं त्या झाडाखाली छान जमायचं.

एका शनिवारी मुक्ता आणि सारंगही बरोबर गेले. रिमझिम चालू होती, सारंगने सासूबाईंवर छत्री धरली होती. आईने सालीत बोट दाबलं तर ते आत रुतलं.

"हे त गादी हाय वो," आई म्हणाली.

मुक्ता औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करायची, त्यामुळे विचारलं नसलं तरी समजावून सांगायची तिला खोड होती. तिने सांगितलं की ही जाड साल म्हणजे झाडाचं आगीपासूनचं चिलखत. कॅलिफोर्नियात ही झाडं तीन हजार वर्षं जगतात. त्यांच्या जंगलात किती पिढ्या आल्या नि गेल्या, राज्यं बुडाली, झाडं आपली तिथेच. हे इथलं कुणीतरी हौसेने लावलेलं, जेमतेम एकशे साठ वर्षांचं.

"म्हंजे अजून रांगूनच राह्यलं," आई म्हणाली आणि तिने बुंध्यावर थोपटलं.

मग तिला वरची फळं दिसली. हिरवी, अंड्याएवढी, घट्ट मिटलेली. मुक्ता म्हणाली, "ती वर्षानुवर्षं तशीच मिटून राहतात. वणव्याची धग लागली की उघडतात, मग बी खाली राखेत पडतं आणि रुजतं. असल्या दाट गवतात नाही रुजत."

"अन् इथं वणवा कुठून येईन?"

"इथे कसला येतोय."

आई मान वर करून बराच वेळ बघत राहिली. छत्रीतून बाहेर आल्याचंही तिला भान नव्हतं. "एकशे साठ वर्सं लेकरं कडेवर घेऊन उभं हाय बिचारं," ती म्हणाली. "एखादी होळी त करा याच्या बाजूले."

"फायर ब्रिगेड येईल, आई," मुक्ता हसून म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

आईने येताना अमरावतीहून तुळशीचं रोप आणलं होतं. ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून ती त्याला रोज पाणी घाली आणि घालताना म्हणे, "सावकाश, घाई नाई." झाडांशी ती असंच बोलायची. ऑगस्टमध्ये ती परत गेली आणि ऑक्टोबरच्या थंडीत तुळसही गेली. कुंडी तेवढी खिडकीत राहिली.

डिसेंबरात अमरावतीहून फोन आला की आईला दवाखान्यात ठेवलंय. मुक्ता तिकीट बघायला लागली तेव्हा आईनेच फोन मागून घेतला. "सावकाश ये वो माय," ती म्हणाली, "घाई नको करू." कारखान्यात त्या आठवड्यात तपासणी होती. मुक्ताने शनिवारचं विमान घेतलं, आणि आई शुक्रवारी गेली.

आईचं ऐकणारी मुलगी म्हणून मुक्ताचं लहानपणापासून घरीदारी कौतुक होतं. नेमकं याच वेळी ऐकायला नको होतं, हे तिच्या मनातून जाईना. सावकाश हा शब्दच तिला सोसेनासा झाला. बर्फ पडलेल्या सकाळी सारंग नुसता "सावकाश उतर गं" म्हणाला, तर ती पायरीवर उभी राहून त्याच्यावर चिडली आणि मग रडली.

अमरावतीच्या घराला कुलूप लागलं. अंगणातली तुळस पाण्यावाचून वाळली होती, तिच्या मंजिऱ्या तेवढ्या मुक्ताने आईच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरून आणल्या. आईच्या हातचं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

जानेवारीत मोठं वादळ झालं आणि पावसाने फुगलेल्या जमिनीतून सिकोया मुळांसकट उलटला. मुक्ता बघायला गेली. कधीही हाताशी न येणारा शेंडा आता तिच्या पायाशी होता, आईने खालून पाहिलेली ती मिटलेली फळं गवतात पसरली होती. तिने एक उचललं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं. मिसेस मॅकेव्हिट लांब आपल्या फाटकाशी उभी होती. दोघींपैकी कुणी कुणाला हाक मारली नाही.

मार्चमध्ये मराठी मंडळाची होळी कुठे करायची याची चर्चा सुरू झाली, तेव्हा सारंगने त्या कुरणाची परवानगी मिळवून आणली. पडलेल्या झाडाच्या फांद्याही मिसेस मॅकेव्हिट द्यायला तयार होती.

"त्याला जाळायचं?" मुक्ताने विचारलं.

"पडलेल्या फांद्या आहेत गं," सारंग म्हणाला. त्याला आणखी काही सांगायचं होतं बहुतेक, पण सांगितलं नाही.

ती गेली, पण पुरणपोळ्यांचा डबा धरून लांबच उभी राहिली. ओली लाकडं आधी नुसती धुमसली. मग एकदम भडका झाला आणि सगळ्या कुरणावर तांबूस उजेड पसरला. धुराला राळेसारखा वास होता. मंडळींनी बोंबा मारल्या, शेजारच्या आयरिश लोकांना तो प्रकार इतका पसंत पडला की तेही तोंडावर हात आपटत ओरडायला लागले. जाळाच्या कडेला ती फळं तडतडत होती. मुक्ताने तिकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती आंघोळीला गेली असताना, सारंग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात होळीच्या कडेची गार झालेली राख घेऊन आला आणि रिकामीच आहे म्हणून ती त्याने खिडकीतल्या कुंडीत ओतली. राख झाडांना चांगली, एवढाच त्याचा साधा विचार. मुक्ता बाहेर आली आणि कुंडीकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर सारंगला बरं वाटलं असतं.

"त्यात मी आईच्या मंजिऱ्या पेरल्या होत्या," ती म्हणाली. "सगळ्या."

पुढचे काही दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं होतं. सारंग डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकला ऑफिसात जायची पहाटेची ट्रेन पकडायचा आणि काळोख पडला की यायचा. मुक्ता कुंडीत पाणी घालायची, पण एक अक्षर न बोलता. राखेचा चिखल झाला, मग वाळला.

एप्रिल सरता सरता त्यातून कोंब आला. दोऱ्याएवढी तांबूस काडी, डोक्यावर अजून बीचं टरफल. मुक्ताने हाक मारली आणि त्या दिवशी घरूनच काम करणारा सारंग चालू मीटिंग सोडून धावत आला. तिने खिडकीत निरांजन लावलं, भावाला फोटो पाठवला, कितीतरी महिन्यांनी साग्रसंगीत स्वयंपाक केला. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणाऱ्या या बाईने त्या कोंबाची पानं आठवडाभर मोजली नाहीत. मोजायचीच नव्हती तिला.

शेवटी मोजली. चार होती, सुईसारखी. तुळशीला आधी दोनच येतात, गोलसर.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. जाकीट अडकवून ती मागच्या दाराने कुरणाकडे चालू लागली. कशासाठी ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. धुकं होतं. सिकोयाचा ओंडका केव्हाच कापून नेलेला होता, तो जिथे उभा असायचा तिथे आता नुसतं आकाश होतं. होळीच्या जागेचं काळं वर्तुळ मात्र तसंच होतं. जवळ गेल्यावर ते तिला काळं दिसेना. कडेकडेने त्यावर हिरवी लव आली होती. ती गुडघ्यांवर बसली. चार सुया, पाच सुया, तांबूस काडी. तिच्या खिडकीत होतं तेच, शेकड्यांनी.

आईची तुळस आता कधीच येणार नव्हती. ते समजलं आणि पाठोपाठ तिला छत्रीतून बाहेर येऊन वर बघणारी आई आठवली. एखादी होळी त करा याच्या बाजूले.

हात सवयीने फोनकडे गेला. यादीत सगळ्यात वर अजून 'आई'च होतं. तिने बटण दाबलं नाही. "आई," ती त्या राखेकडे बघत मोठ्याने म्हणाली, "केली गं होळी. सुटलं तुझं झाड." आणि मग तिला जे रडू आलं ते तिने आवरलं नाही.

मागे पावलं वाजली. सारंग छत्री घेऊन आला होता. तोही खाली वाकून बघू लागला.

"तुला आठवत होतं?" तिने विचारलं.

"त्या म्हणाल्या होत्या ना," तो म्हणाला. "म्हणून तर इथली परवानगी काढली. तुला सांगायची हिंमत झाली नाही. यातून खरंच काही येईल असं मलाही वाटलं नव्हतं. आणि कुंडीचं मात्र..."

"असू दे," मुक्ता म्हणाली.

वाटेत मिसेस मॅकेव्हिट भेटली, तिला त्यांनी नेऊन दाखवलं. तिने टोपी काढली. मेंढ्या आत येऊ नयेत म्हणून उद्याच तार बांधून घेते म्हणाली.

संध्याकाळी मुक्ताने खिडकीत रोजच्यासारखं निरांजन लावलं. सारंग जरा घुटमळला. "ही काही तुळस नाही," तो म्हणाला. "नमस्कार करायचा का?"

"कर की. आपली पतवंडं म्हातारी होतील तेव्हाही हे रांगतच असेल."

त्याने नमस्कार केला. तिने तांब्या घेतला आणि काडी मोडू नये म्हणून कडेकडेने थोडं थोडं पाणी घातलं. घालता घालता तिच्या तोंडून आपोआप आलं, "सावकाश."

तिचा हात थांबला. सारंगने तिच्याकडे पाहिलं.

"घाई नाई," मुक्ता त्या कोंबाला म्हणाली, आणि उरलेलं पाणी तिने कुंडीत ओतलं.