उत्तमरावांचा ताप

“आला! आला वं दीपमाला, आला!”

उत्तमराव ओट्यावरच्या बाजेवरून ओरडले, तेव्हा रस्त्याने चाललेल्या दीपमालाला वाटलं, यांचा नाशिकचा मुलगा आला की काय. पण बाजेभोवती शेजारीपाजारी जमले होते आणि मधोमध उत्तमराव लग्नातल्या व्याह्यासारखे मिरवत आडवे पडले होते.

“काय आलं, काका?”

“ताप! हात लावून पाह्य. लाव, लाव. चटका बसते का नाई, सांग!”

दीपमाला गावची आशाताई. कित्येक वर्षं ती घरोघर फिरत होती. गरोदर बायांच्या गोळ्या, लेकरांचे डोस, पाणी उकळून पिणं; लोक सगळं ऐकून मान डोलवत आणि आपल्या मनाचं करत. यंदा कोरोनाची लस आली, तर पहिल्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात काळं कुत्रं फिरकलं नाही. सुईनंतर ताप येतो, या धाकाने माणसं शेतात जाऊन बसली होती. तेव्हा पारापाशी उभं राहून बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, “अहो, ताप आला म्हंजे लस लागू पडली समजाचं!”

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. प्रशिक्षणात एवढंच सांगितलं होतं की ताप येऊ शकतो, घाबरू नका. पण नुसत्या ‘घाबरू नका’ने कोण घाबरायचं थांबतं? या वाक्याने मात्र जादू केली. पुढच्या खेपेला शाळेबाहेर रांग लागली. ज्याला ताप जास्त, त्याची लस पक्की. जीपवाला इंद्रभान दोन दिवस हिवाने कुडकुडला आणि पुढे महिनाभर प्रवाशांना तेच ऐकवत राहिला. उत्तमरावांना पहिल्या सुईला काही म्हणजे काही झालं नाही. “तुमाले नुसतं पानी टोचलं, भाऊ,” इंद्रभान म्हणाला आणि सगळं गाव हसलं. उत्तमरावांनी ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या सुईला ते रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे होते.

ती सुई परवाच झाली होती.

दीपमालाने त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप होता. पण उत्तमरावांनी गुडघे पोटाशी घेतले होते, आणि हसू आलं की त्यांचा हात झटकन पोटाच्या उजव्या बाजूला जात होता.

“पोट दुखते का, काका?”

“दुखते ना! रातभर दुखलं. पयले बेंबीपाशी दुखे, आता इकडं खाली उतरलं. लसच हाय ते. अंगात फिरून राह्यली.”

“माहं पोट तं नाई दुखलं,” इंद्रभान जरा खट्टू होऊन म्हणाला.

“तुही लस दंडातच अटकली असंन बे. माही पार पोटापर्यंत गेली!”

बाजेभोवती हशा पिकला. उत्तमराव स्वतः हसायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले. ओठ पांढरे पडले होते.

तेवढ्यात रुखमाबाई फडक्यात गुंडाळलेली गरम वीट घेऊन बाहेर आल्या. “रातपासून अन्नाचा कन नाई पोटात. दोनदा उलटी झाली. गोळी घ्या म्हनलं तं घेत नाईत. म्हनते, ताप उतरला तं लस उतरीन.”

दीपमाला बाजूला झाली आणि तिने आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. मॅडमनी भराभर विचारलं: दुखणं नेमकं कुठे, खोकताना वाढतं का, उजवा पाय सरळ होतो का. दीपमालाने काकांना खोकायला लावलं. ते खोकले आणि त्यांनी बाजेची कड घट्ट धरली.

“अपेंडिक्स वाटतंय,” मॅडम म्हणाल्या. “लसीचा ताप समजून बसू नका. शेकू नका, चोळू नका, तोंडाने काही देऊ नका. आत्ताच्या आत्ता चिखलीला सर्जनकडे न्या. फुटलं तर जिवावर बेतेल.”

दीपमालाने धावत जाऊन रुखमाबाईंच्या हातातली वीट हिसकावली. “शेकू नका, काकू! इंद्रभानभाऊ, गाडी काढा. चिखलीले न्या लागते.”

“चिखलीले कायले?” उत्तमराव बाजेवरून गरजले. “तिथं सुई देतीन अन् ताप मारून टाकतीन. इतक्या दिवसानं आला! मी नाई येत.”

“अहो काका, डॉक्टर लोकाईले पाहाचा हाय असा ताप. जिल्ह्यात कोनाले नाई आला.”

उत्तमरावांचा चेहरा फुलला. “मंग त्याईले इकडं बोलाव. च्या पाजू.”

शब्द जुळवण्यात दीपमालाचा हात कोणी धरला नसता. आणखी एक गोड वाक्य तिच्या ओठावर तयार होतं. पण काकांचे गुडघे आणखी वर सरकले होते आणि वाक्यं जुळवायला वेळ नव्हता. ओट्यावर उभ्या असलेल्यांतल्या निम्म्यांची सुई उद्या शाळेत व्हायची होती. आता ती जे बोलेल, ते सगळे ऐकणार होते.

“काका, तापाचं ते मीच म्हनलं होतं,” ती म्हणाली. “मले कोनी सांगतलं नव्हतं. तुमी रांगेत या म्हनून म्हनलं. ताप आला तरी लस लागते, नाई आला तरी लागते. अन् हे दुखनं तं लसीचं नाईच.”



“म्हंजे मी दोन दिवस कुडकुडलो ते फुकट का वं?” इंद्रभानने विचारलं. या वेळी कोणी हसलं नाही.

“खोटं सांगतलं तू आमाले?” उत्तमराव म्हणाले.

“जे मले ठाव नव्हतं, ते सांगतलं.”

उत्तमराव तिच्याकडे पाहत राहिले. रात्रभर जे दुखणं त्यांनी फेट्यासारखं मिरवलं होतं, ते आता नुसतं दुखणं उरलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा गोळा झाला.

“रुखमा... लय दुखून राह्यलं वं.”

उभ्या संसारात रुखमाबाईंनी हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्या वळल्या आणि एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली, “गाडी काढ बे इंद्रभान! पाहून काय राह्यला!”

मग एकच धावपळ उडाली. कोणी गादी आणली, कोणी उशी. चौघांनी उत्तमरावांना उचलून मागच्या बाकांच्या मध्ये निजवलं. जीप सुटली. प्रत्येक खड्ड्याला उत्तमराव ओरडत.

“हळू बे, इंद्रभान!”

“हळू गेलो तं ते फुटते म्हनते, जोरात गेलो तं तुमी फुटता! मी काय करू, भाऊ?”

दीपमालाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण डोकंही काढून घेतलं नाही.

चिखलीला पोचताच त्यांना आत नेलं. दुपारी सर्जन बाहेर आले. हातातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये सुजलेलं, काळपट, करंगळीएवढं काहीतरी होतं. “आणखी थोडा उशीर झाला असता तर हे आतच फुटलं असतं.”

रुखमाबाईंनी ट्रेकडे पाहिलं, मग दीपमालाकडे. “सुईनं झालं का हे, डॉक्टर?”

“नाही, आई. सुई घेतली नसती तरी झालंच असतं. दोन गोष्टी एकामागोमाग आल्या, एवढंच.”

इंद्रभान व्हरांड्यात फोनवर ओरडत होता, “वाचला! उत्तमराव वाचला! करंगळीएवढं होतं हो, अन् त्याच्यापायी सारं गाव नाचलं!”

दीपमाला त्या रात्री रुखमाबाईंसोबत दवाखान्यातच थांबली. सकाळी शाळेतून लस टोचणाऱ्या सिस्टरचा फोन आला. व्हरांडा रिकामा होता. लोक पारावर बसून होते.

“म्हणताहेत, दीपमाला येऊ द्या, ती काय म्हणते ते ऐकू,” सिस्टर म्हणाल्या. “तू काय सांगणार आहेस?”

“येते मी,” दीपमाला म्हणाली. काय सांगणार, ते तिलाही माहीत नव्हतं.

खाली इंद्रभानने हॉर्न वाजवला. जाते म्हणून सांगायला ती खाटेपाशी गेली. उत्तमराव जागे होते. हाताला सलाईन होतं. ते छताकडे पाहत होते.

“मंग लस लागली का नाई मले?” त्यांनी विचारलं.

उत्तर जिभेवर आलं होतं. त्यांना बरं वाटलं असतं असं उत्तर. दीपमालाने ते गिळलं.

“लागली असंन, काका. पन तापावरून नाई समजत. मी छातीवर हात ठेवून नाई सांगू शकत.”

 हॉर्न पुन्हा वाजला. उत्तमरावांनी दात आवळले, कारण टाके ओढत होते, आणि आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही पाय हळूहळू भिंतीकडे सरकवले. पायथ्याशी जागा झाली. तिथली चादर त्यांनी पायाच्या अंगठ्याने सारखी केली.

“बस जराशीक,” ते म्हणाले. “थांबीन गाडी.”