मालक बोलत नाहीत

आधीच सांगून टाकतो. त्या म्हाताऱ्याला ते नाव मुलीसाठी हवं होतं. घर सोडून गेलेली मुलगी वर्षातून एकदा त्या नावाच्या पत्त्यावर एक ओळ पाठवायची, आणि ते नाव माझ्या हातात होतं. मला हे कळायला पाच महिने लागले. पुढचं ऐकताना तुम्ही मला शिव्या घालाल. घाला.

मी मूळचा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचो. अक्षर असं की लोक दुकानात शिरायच्या आधी दोन मिनिटं बाहेर उभे राहायचे. मग छापील पाट्या आल्या आणि माझे ब्रश डब्यातच वाळले. एका जुन्या गिऱ्हाइकाने मला कॉम्प्युटरसमोर बसवून हा नवा धंदा शिकवला. आजकाल दुकानाची पाटी इंटरनेटवर लागते. त्या पाटीच्या नावाला डोमेन म्हणतात. दरवर्षी फी भरायची. भरायला विसरलात की नाव सुटतं, आणि जो आधी उचलेल त्याचं होतं. मी सुटलेली नावं उचलतो आणि ज्याला हवी त्याला विकतो. यात चोरी नाही. पहिल्या वर्षी हे वाक्य मी बायकोला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी ती म्हणाली, "अहो, मी कुठे काय म्हणतेय?"

नावं मिळवणं सोपं, गिऱ्हाइकं सांभाळताना नाकी नऊ येतात. एक डॉक्टर मला म्हणाला, "नाव म्हणजे हवा हो, हवेचे कसले पैसे?" मी म्हटलं, मग घ्या की दुसरीकडची हवा. एकाने चार महिने घासाघीस केली, सौदा ठरला, आणि मग पठ्ठ्या असा गायब झाला की जणू जमिनीने गिळला. एका बाईने तर सहा महिने नाव "वापरून बघायला" मागितलं. वकिलाची धमकी देणारे तर आठवड्याला एक. आणि रडगाणी! धंदा बुडाला, आई आजारी आहे, लहानपणापासूनचं स्वप्न आहे. दोनदा मी विरघळलो. दोन्ही वेळा माझ्याकडून पडत्या भावात घेतलेलं नाव पुढच्याच महिन्यात तिसऱ्याला चढ्या भावात गेलं. त्यानंतर मी ठरवलं, आता रडणाऱ्याला रुमालसुद्धा द्यायचा नाही.

मग मी नियम केले. पत्र, म्हणजे ईमेल, आलं की तीन दिवस गप्प बसायचं. किंमत आपण आधी बोलायची नाही. आणि सगळ्यात कामाचा नियम म्हणजे मालक. मी कधीच सांगत नाही की नाव माझं आहे. मी आपला मधला माणूस. मालक वेगळे आहेत, म्हातारे आहेत, हेकट आहेत, कुणाचं ऐकत नाहीत. असा मालक असला की बरं पडतं. गिऱ्हाइकाशी मी गोड बोलायचं आणि नाही म्हणायचं काम मालकाने करायचं. पाटी रंगवावी तसा मी तो मालक रंगवला होता. बायको चहा देताना विचारायची, "काय म्हणतायत आज तुमचे मालक?" मी म्हणायचो, "तापलेत." आम्ही दोघं हसायचो.

'झिपरी' हे नाव एका सकाळी सुटलं आणि मी नऊच्या आत उचललं. पूर्वी कुठल्यातरी फ्रेमच्या दुकानाचं होतं, फोटोला चौकटी करून देणाऱ्याचं. नाव छोटं, जिभेवर बसणारं. केसांच्या तेलाची एक कंपनी आठवड्यातच विचारून गेली, तेव्हा मी ओळखलं की हे नाव वाट बघण्यासारखं आहे. नेहमीप्रमाणे मी त्या नावाचा सापळा लावला. सापळा म्हणजे एवढंच, की त्या नावाच्या कुठल्याही ईमेल पत्त्यावर कुणी काहीही पाठवलं तरी ते एका पेटीत पडतं. पत्रं मी वाचत नाही, फक्त मोजतो. जितकी जास्त पत्रं, तितकी नावाला किंमत. पेटी आठवड्याने आपोआप रिकामी होते. आणि प्रत्येकाला आपोआप उत्तर जातं: "हे नाव विक्रीला आहे. खरोखर हवं असेल तरच कळवावे. उगाच चौकशी करू नये." ते शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. मला त्याचा अभिमान होता.

दुसऱ्या महिन्यात दोन गिऱ्हाइकं आली, एकापेक्षा एक खट.

पहिला फोनवर. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "नाव हवंय. कशाला ते विचारायचं नाही. बोला." मी म्हटलं, मालकांना विचारतो. तो म्हणाला, "मालक गेला खड्ड्यात. मी कोर्टात जाईन." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, आवाज एकदम मऊ, "थोडं समजून घ्या." काय समजून घेऊ, तर ते सांगणार नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला खात्रीच पटली की हा तेलाच्या कंपनीचा माणूस आहे, भाव पाडायला पाठवलेला. मी त्याला ताकास तूर लागू दिली नाही.

दुसरी एक बाई. ती पत्राने यायची आणि एका वेळी एकच ओळ लिहायची. पहिली ओळ होती, "हे नाव विकायला कुणी काढलं?"

तीन दिवस थांबून मी लिहिलं, "मालकांनी."

"मालक कसे आहेत?"

आता सांगा, नाव घेणारं गिऱ्हाईक मालकाची तब्येत का विचारेल? मला वाटलं, ही मालक म्हातारा आहे का, थकलाय का, लवकर विकेल का, हे चाचपडतेय. मी लिहिलं, "मालक ठणठणीत आहेत. वय झालंय, पण हेकटपणा गेलेला नाही."

तिचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "मला त्यांच्याशी बोलायचं आहे."

"मालक कुणाशी बोलत नाहीत. त्यांना जुन्या ओळखी नकोत, फक्त चांगली किंमत हवी आहे. आपला आकडा सांगा."

त्यावर तिने काही लिहिलं नाही. गिऱ्हाईक गार पडलं की तीन आठवड्यांनी फुंकर मारायची, हाही माझा नियम. मी लिहिलं, "मालक आता नरमले आहेत. बोलणी होऊ शकतात." त्याच मिनिटाला उत्तर आलं, "खरंच? त्यांना फोन करायला सांगा, कधीही," आणि खाली नंबर. एका ओळीची बाई पहिल्यांदाच दोन ओळी बोलली. मी खूश झालो. मासा गळाला लागला म्हणून बायकोला हाक मारून दाखवलं. ती वाचून म्हणाली, "ही नाव विकत घेणाऱ्या बाईसारखी नाही हो बोलत." मी म्हटलं, तू पाच मिनिटं बघतेस, मी सहा वर्षं बघतोय. आणि मी लिहिलं, "फोन नाही. आधी आकडा."

दोन दिवसांनी उत्तर आलं, "बरं. कळलं." मग ती गेली. मी म्हटलं, जाऊ दे, कंपनी आहे ना.

पाचव्या महिन्यात, एका दुपारी, तो फोनवाला खट माणूस माझ्या दारात आला. हातात काठी, एक पाय ओढत. माझी जुनी पाट्यांची खोली तळमजल्यावर आहे, अजून भिंतीला रंगाचे ओघळ आहेत. तो आधी भिंतीकडे बघून म्हणाला, "हात चांगला आहे." मग खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मीच तो फ्रेमवाला."

पुतण्याने त्याला बजावलं होतं, गरज दाखवू नकोस काका, ते लोक भाव चढवतात. म्हणून तो इतके दिवस दमदाटी करत होता. जमेना तेव्हा माझा पत्ता शोधत आला. खुब्याचं हाड मोडून तो तीन महिने दवाखान्यात होता. तेवढ्यात फी भरायची तारीख गेली. दुकान तर कधीच बंद झालं होतं, घर बदललं होतं, फोन बदलला होता. तो फी भरत होता ती फक्त त्या पत्त्यासाठी.

"मुलगी," तो म्हणाला. "झिपरी म्हणायचो तिला. दुकानात माझ्या पायाशी खेळायची, केसांत सगळा लाकडाचा भुसा. अकरा वर्षांपूर्वी भांडून गेली. मी म्हटलं होतं, परत तोंड दाखवू नकोस. दाखवलं नाही. पण वर्षातून एकदा त्या पत्त्यावर लिहायची, 'बरी आहे.' मी लिहायचो, 'बरं.' एवढंच. दोघंही एकाच मातीचे. तिचा पत्ता त्या पेटीतच होता हो. नाव गेलं, पेटी गेली, सगळं गेलं."

मी अजून काही बघितलं नव्हतं, पण ती एका ओळीची बाई कोण ते मला कळलं होतं.

नाव मी तिथल्या तिथे त्याच्या नावावर केलं. काही घेतलं नाही. तेलाच्या कंपनीला नाही म्हणायचा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, आणि यात मोठेपणा काही नाही, कारण खरी पंचाईत त्यानंतर होती. त्याने विचारलं, "मधल्या काळात तिचं काही आलं होतं का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पेटी आपोआप रिकामी होते, काही राहत नाही, असं म्हटलं असतं आणि ते निम्मं खरंही होतं. तिने 'बरी आहे' लिहून पाठवलेली ओळ पेटीबरोबर गेलीच होती, आणि तिला माझं 'विक्रीला आहे' हे आपोआप उत्तर पोचलं होतं. पण माझ्या उत्तरांवरचं तिचं लिहिणं माझ्या विक्रीच्या खात्यात जसंच्या तसं होतं. सहा वर्षं मी खोट्या मालकाच्या तोंडून खोटं बोलत होतो. त्या दुपारी एकदाच माझं स्वतःचं तोंड होतं आणि तेही उघडेना. शेवटी मी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला.

त्याने चष्मा लावून पहिल्यापासून वाचलं. 'हेकटपणा गेलेला नाही' या ओळीवर थांबला. "मालक म्हणजे कोण?"

"कुणी नाही. धंद्याची रीत आहे. मीच बनवलेला."

"म्हातारा आणि हेकट. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही हो. सगळ्यांना तेच लिहितो."

"बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "तिला वाटलं असणार, मीच." मग त्याने पुढचं वाचलं. जुन्या ओळखी नकोत. फोन नाही. आधी आकडा. शेवटच्या 'बरं. कळलं'वर त्याने बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.

तिने दिलेल्या नंबरवर आम्ही फोन लावला. नंबर बंद. मग तो माझ्याच खुर्चीत बसला आणि एका बोटाने टाइप करत त्याने आपल्या परत मिळालेल्या पत्त्यावरून तिला लिहिलं, "झिपरे, मी बाबा. नाव हातचं गेलं होतं, आज परत मिळालं. ते बोलणारा मी नव्हतो. फोन कर." खाली नवा नंबर. पाठवलं. आम्ही बसून राहिलो. बायकोने चहा आणला, तो कुणी प्यायला नाही.

तासाभरात उत्तर आलं. तो वाचायला पुढे वाकला आणि मी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"मालक परत नरमले का? मला नाव नको आहे. माझ्या वडिलांच्या नावाने तरी हे करू नका. पुन्हा लिहू नका."

मी म्हणालो, "मी लिहितो तिला. मी खरं सांगतो, सगळं माझ्या अंगावर घेतो."

"तुम्ही नका लिहू," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमचं खरं तिला आता कशावरून खरं वाटेल?"

मग तो पुन्हा कळफलकाकडे वळला. मला वाटलं, आता तो तिला जुन्या कशाची आठवण करून देईल, लाकडाचा भुसा, दुकान, आई, जे कुणा परक्याला माहीत नसेल. त्याने बोट उचललं, खाली आणलं, परत उचललं. शेवटी त्याने अकरा वर्षं लिहीत आला तेवढाच एक शब्द लिहिला, "बरं." आणि पाठवून दिला. काठी घेतली, भिंतीवरच्या ओघळांकडे एकदा पाहिलं आणि गेला.

याला आता चार महिने झाले. नाव त्याचं, पेटी त्याची. त्यात काय पडतं ते मला दिसत नाही. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. बायको रोज विचारते, "काही कळलं का हो?" मी नाही म्हणतो. फोन करून विचारायला मला तोंड नाही.

मालक मात्र मी काढून टाकला. परवा एकाने लिहिलं, हे नाव कुणाचं आहे? मी तीन दिवस थांबलो नाही. लिहिलं, "माझं."