संगणकाचं सोवळं

ब्याण्णव सालच्या परभणीत संगणक म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवायच्या. एक थंडगार खोली आणि दुसरा रेवणसिद्ध. कापूस संघाच्या संगणकावर दिवसभर तोच बसायचा, आणि दर शनिवारी 'दुधनाकाठ' या साप्ताहिकात 'यंत्राशी ओळख' नावाचं सदरही तोच लिहायचा. पगार संघाचा खायचा, पण जीव सदरात. संगणक म्हणजे काय, त्याला काय येतं, काय येत नाही, हे गावाला आपण समजावून सांगितलंच पाहिजे, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

वाचकांची कार्डं यायची. जिंतूरच्या एका मास्तरांनी विचारलं, संगणक पत्रिका जुळवतो का. पालमच्या एका दुकानदाराला तो उधारी वसूल करील का, याची चौकशी होती. अशा ढिगात पूर्णेहून एका मुलीचं कार्ड आलं. आम्रपाली खिल्लारे, वडील रेल्वेत. तिने विचारलं होतं, फ्लॉपीचा दिवा लागलेला असताना फ्लॉपी ओढून काढली तर आतल्या मजकुराचं काय होतं? रेवणसिद्ध खुर्चीत सरळ झाला. या प्रश्नावर त्याने अख्खा एक लेख लिहिला, तिच्या नावासकट.

त्याच सुमारास त्याने धुळीवरही एक लेख लिहिला, आणि सगळं महाभारत तिथून सुरू झालं. परभणीची धूळ ती, काळ्या रानातली, कापसाच्या तंतूंत मिसळलेली. ती यंत्रात गेली की संपलं. हे लोकांना चटकन कळावं म्हणून त्याने लिहिलं, "देवघराला जसं सोवळं, तसं संगणकाला धुळीचं सोवळं. चपला बाहेर, हात धुतलेले, मगच आत." वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्याने ते चहाच्या टपरीवरही दोनदा म्हणून दाखवलं. संपादक बन्सीधर यांनी त्यावर 'संगणकाचं सोवळं' असा ठसठशीत मथळा दिला. संघाचे मॅनेजर माणिकराव यांनी तर तो लेख चौकटीत घालून संगणकाच्या खोलीच्या काचेच्या दाराला टांगला.

एकट्या आईला तो लेख आवडला नाही. चन्नबसम्माने चष्मा पुसत पुसत तो वाचून काढला आणि विचारलं, "काय रे, आपल्या गळ्यात लिंग हाय. आपल्यात ना सुतक, ना विटाळ. मग हे सोवळं कोणाच्या घरून उसनं आणलास?"

"आई, ते धुळीबद्दल हाय गं."

"मग धुळीला धूळ म्हणायला तुझी जीभ झिजती का?"

रेवणसिद्ध हसला. आईला काय कळतंय लिहिण्यातलं, असं म्हणून त्याने पुढचा लेख घेतला.

श्रावणात संघात डाटा एंट्री ऑपरेटरची जागा भरली. सेवायोजन कार्यालयाकडून नाव आलं, ते आम्रपाली खिल्लारेचंच. नांदेडला कोर्स केलेली, बोटं सरसर चालणारी. पहिल्या दिवशी तिने रेवणसिद्धला नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, तुमच्या लेखांची कात्रणं करून ठेवलीत मी. त्याच्यावरच शिकले अर्धं." रेवणसिद्धला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका तो फुगला होता.

पण माणिकरावांनी तिचं टेबल मांडलं ते बाहेरच्या हॉलमध्ये, काटापट्ट्या घेण्याच्या खिडकीपाशी. गाडीभर कापूस तोलला की शेतकऱ्याला वजनाची जी चिठ्ठी मिळते ती काटापट्टी. आम्रपालीने त्या चिठ्ठ्या कागदावर सुबक अक्षरात उतरवायच्या, आणि आत बसून रेवणसिद्धने त्या संगणकात भरायच्या. ऑपरेटर बाहेर कारकुनी करतेय आणि तिचा साहेब आत टायपिस्ट झालाय, असा तो उफराटा कारभार.

"तिला आत कामून बसवत न्हाई?" रेवणसिद्धने विचारलं.

माणिकराव गोड बोलणारा माणूस. "रेल्वेनं येती ती रोज. अंगावर धूळ असती. तुमीच लिवलंय की, सोवळं म्हणून."

आता धुळीचं म्हणाल, तर शिपाई त्या खोलीत अनवाणी पण चिखलाच्या पायाने जायचा. संचालक मंडळी उन्हाळ्यात जेवून आली की एसीत गालिच्यावर आडवी व्हायची आणि तंबाखू मळून उरलेला चुना टेबलाच्या कडेला पुसायची. अध्यक्ष दत्तराव यांचा नातू शाळा सुटली की कीबोर्डवर चिवडा खात गेम खेळायचा. त्यांची धूळ बहुधा वरच्या जातीची असावी, कारण ती चौकटीतल्या लेखाला कधी दिसली नाही.

रेवणसिद्धने आणखी एकदा विषय काढला, तेव्हा माणिकरावांनी आवाज खाली आणला. "दिवस कसे हायत बघायलाव न्हवं? विद्यापीठाच्या नामांतराचा मसला कधी पेटंल सांगता येत न्हाई. संचालकांची मनं कशाला दुखवायची? ती तरी कुठं तक्रार करायली?"

ती तक्रार करत नव्हती हे खरं. नामांतर हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला की तिला बघून हॉल गप्प व्हायचा, तेही ती रोज बघत होती. अठ्ठ्याहत्तर साली ती पहिलीत होती. त्याच नामांतरापायी मावशीच्या गावात घरं जळली, तेव्हा मावशी लेकरं घेऊन पूर्णेला आम्रपालीच्या घरी, रेल्वेच्या खोलीत येऊन राहिली होती. हे तिने रेवणसिद्धला एकदाच सांगितलं, तेही डबा खाताना, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

नवरात्रात रेवणसिद्धला बहिणीकडे उदगीरला जायचं होतं. निघायच्या आधी, अष्टमीला, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, आज तुमी आत बसा. सभासदांची यादी भरून टाका." आम्रपालीने चपला काढल्या, हात धुतले आणि आत जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत यादी भरून, यंत्र नीट बंद करून, वर कापड घालून ती पूर्णेच्या गाडीला गेली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. काटे, गाड्या, जिनिंगची यंत्रं, सगळ्यांची पूजा झाली. दसरा उलटून रेवणसिद्ध परत आला तेव्हा संगणकाच्या कपाळाला हळदकुंकू होतं, गळ्यात झेंडूची माळ होती, आणि बटण दाबलं तर यंत्र हूं की चूं करत नव्हतं.

"बघा," माणिकराव म्हणाले, "बाई आत गेली न् यंत्र बंद पडलं. आमी म्हणत होतो तर तुमाला राग यायला."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण इथे कावळा खिल्लाऱ्यांचा होता, मग कोण ऐकतंय? दोन दिवसांत बाजारात बातमी पसरली, संघाच्या संगणकाला विटाळ झाला. कुणी हसत सांगत होतं, कुणी हात जोडून. दत्तरावांनी संचालकांची बैठक बोलावली. आम्रपालीची नोकरी अजून कच्ची होती. यंत्र कशाने बिघडलं हे रेवणसिद्धने बैठकीत सांगायचं, आणि मग तिला घरी पाठवायचं, असं माणिकरावांनी आधीच ठरवून टाकलं होतं. "तुमी एवढंच सांगा," ते म्हणाले, "नियम मोडला म्हणून. जात-बीत कुणी काढायची न्हाई."

बैठकीआधी नांदेडहून इंजिनिअर आला. त्याने पेटी उघडली आणि आधी नाक मुरडलं. आतल्या कार्डावर नारळाचं पाणी वाळून चिकट झालं होतं. मग त्याने फ्लॉपीच्या फटीत चिमटा घालून काहीतरी बाहेर काढलं, वास घेतला आणि रेवणसिद्धच्या हातावर ठेवलं. पेढा होता. त्याला दोन अक्षताही चिकटल्या होत्या.

शिपायाने मग सगळं सांगितलं. माणिकरावांनी नारळ फोडला तो संगणकाच्या डोक्यावर. नंतर नैवेद्य दाखवायचा तर देवाचं तोंड कोणतं, हा प्रश्न पडला. समोर फट दिसली. पेढा तिच्यात घातला आणि आत जाईना म्हणून बोटाने लोटला.

रेवणसिद्धला एरवी हसू आलं असतं. त्या दिवशी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेढा चारणारा हात मोकळा आणि ज्या पोरीने वर कापड घातलं तिच्या नोकरीवर पाणी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. त्याने तिथेच बसून लेख लिहिला आणि बन्सीधरांकडे नेला. बन्सीधरांनी वाचला, पुन्हा वाचला आणि परत दिला. "भाषा झकास हाय. पण या दिवसांत असलं छापून दंगा ओढवून घ्यायचा का? तुमी प्रिंटरवर लिवा की, लोक लय विचारायलेत."

मग बैठक. रेवणसिद्धने कागदाची पुडी टेबलावर सोडली. दत्तराव पेढ्याकडे बघत राहिले.

"त्यो परसाद हाय," ते म्हणाले.

"परसादच हाय. पण यंत्राला पचला न्हाई. नारळाचं पाणीबी पचलं न्हाई. इंजिनिअर बाहेर बसलाय, त्याला इचारा."

माणिकराव छताकडे बघू लागले. दत्तरावांनी शिपायाला खूण केली. शिपायाने दारावरची चौकट काढून आणली. दत्तरावांनी ती दोन्ही हातांत धरून सावकाश वाचली. "देवघराला जसं सोवळं, तसं संगणकाला. हे कोणी लिवलं, रेवणसिद्ध स्वामी? आमी का तुमी? आमी तर तुमचंच ऐकायलोत."

रेवणसिद्धच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. जीभ झिजती का, असं आईने विचारलं होतं. टपरीवर दोनदा म्हणून दाखवलेलं ते लाडकं वाक्य आता दत्तरावांच्या मांडीवर होतं आणि त्यांच्याच बाजूने साक्ष देत होतं.

"मी धुळीबद्दल लिवलं," तो म्हणाला. "तुमी माणसाबद्दल वाचलं. शब्द माझा हाय, आन् तो वाईट निघाला. तो मी परत घेतो. पण पोरीनं काही बिघडवलं न्हाई, हे तुमाला कबूल करावं लागंल."

बराच वेळ खुसफुस झाली. मग दत्तरावांनी उदारपणे निकाल दिला. पोरीची नोकरी राहील. पक्कीसुद्धा होईल. फक्त तिने बाहेरच बसायचं, आत जायचं नाही. कुणाचंच मन दुखायला नको. आम्रपालीला बोलावून हे सांगितलं, आणि सगळ्या चेहऱ्यांवर आता हिने हात जोडावेत अशी अपेक्षा दिसली.

ती दारातच उभी होती. "मग मी ऑपरेटर कशाची?" तिने विचारलं. "यंत्र आत, मी बाहेर. घरी पाठवा, मला चालंल. पण हे काम मला देऊन वर उपकार म्हणू नका."

रेवणसिद्ध उठला. "तिनं आत जायचं न्हाई, हे ठरलं ना?"

"ठरलं," दत्तराव म्हणाले.

"यंत्रानं बाहेर यायचं न्हाई, असं तर ठरलं न्हाई?"

उत्तराची वाट न बघता तो काचेच्या दारातून आत गेला, वायरी उपसल्या आणि मॉनिटर पोटाशी धरून बाहेर आला. इंजिनिअरने कीबोर्ड घेतला. त्याने बैठकीआधीच पुसून दुरुस्त केलेली पेटी आम्रपालीने स्वतः उचलली. खिडकीपाशी, तिच्याच टेबलावर, तिघांनी संगणक मांडला. माणिकराव मागे मागे येत होते. "अहो, एसी? त्याला थंडी लागती म्हणून तुमीच सांगितलं..."

"पंख्यावर चालतंय. एसी तुमी वापरा. उकडत असंल तुमाला."

बटण दाबल्यावर पेटी गुरगुरली आणि पडद्यावर हिरवी अक्षरं आली. मागे थंड खोलीत आता गालिचा होता, रिकामं टेबल होतं आणि नारळाची एक करवंटी होती.

तेवढ्यात खिडकीवर पालमकडचे सटवाजी काटापट्टी घेऊन आले. म्हातारा गाडी हाकून आलेला, मुंडाशापासून पायापर्यंत मातीचा. टेबलावरचं यंत्र बघून तो बिचकला, मागे सरला आणि पायातल्या वहाणा काढायला वाकला. त्यानेही तो लेख कुणाकडून तरी ऐकला असणार.

"राहू द्या, बाबा," आम्रपाली म्हणाली. तिने चिठ्ठी घेतली, तिच्यावरची माती फुंकली, पडद्यावर बसलेला थर ओढणीच्या टोकाने पुसला आणि रेवणसिद्धकडे बघितलं. "धूळच हाय, सर. पुसली की जाती."