युनिफॉर्मविना तीन दिवस

चौदा वर्षं झाली, सकाळी काय घालायचं हा प्रश्न विजयश्रीला कधी पडला नव्हता. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, कपाळापर्यंत ओढलेली टोपी आणि पायांत जड सेफ्टी शूज. चाकणच्या ज्या कंपनीत ती गाड्यांच्या दरवाजांच्या बिजागऱ्या जोडायची, तिथं लाइनवरच्या सगळ्या बायका अशाच दिसायच्या. काळेवाडीतल्या खोलीतून ती युनिफॉर्म घालूनच निघायची, कंपनीच्या बसने जायची आणि तशीच परत यायची. आल्यावर मॅक्सी. पेटीत चार साड्या होत्या, त्या लग्नकार्यासाठी. आणि लग्नकार्यं तरी वर्षातून किती!

त्यामुळे एचआरच्या निरंजन सरांचा मेसेज आला, तेव्हा आनंदाच्या मागोमाग तिला काळजीच लागली. क्वालिटी विभागात एक जागा निघाली होती. लाइनवरच्या माणसांतून ती भरायची म्हणून लेखी परीक्षा झाली होती आणि विजयश्री त्यात वर आली होती. आता दोन दिवस 'शॅडोइंग', म्हणजे क्वालिटीच्या सायली मॅडमबरोबर सावलीसारखं फिरून त्यांचं काम बघायचं, आणि तिसऱ्या दिवशी मुलाखत. शेवटची ओळ होती, 'तिन्ही दिवस युनिफॉर्म नको. ड्रेस कोड : बिझनेस कॅज्युअल.'

तिनं भावाला फोन लावला. सुजित तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आईवडील गेल्यावर धाराशिवकडच्या गावातून त्याला घेऊन ती इथं आली, कंपनीत लागली आणि तिनं त्याला इंजिनियर केलं. त्या भरात स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. आता तो आयटीत होता, पिंपळे गुरवला त्याचा फ्लॅट होता. रिक्षेनं पंधरा-वीस मिनिटांची वाट, पण भेट व्हायची ती दिवाळी नाहीतर राखीला.

"सुजित, बिझनेस कॅज्युअल म्हणजे नेमकं काय रे?"

"ताई, मीटिंगमध्ये आहे गं. गूगल कर ना. नाहीतर रविवारी ये, स्वरूपाला विचार."

तिनं मोबाइलवर शोधलं. उंच, गोऱ्यापान बायका, अंगात कोट, हातात कॉफीचा कप, आणि कशाला तरी मनापासून हसताहेत. त्यातली एकही पहाटेच्या बसमधून उतरून चाकणची धूळ तुडवत आल्यासारखी दिसत नव्हती.

रविवारी ती भावाकडे गेली. भावजय स्वरूपा मनानं वाईट नव्हती. तिनं चहा केला, आतून एक भरलेली पिशवी आणली आणि सोफ्यावर ठेवली.

"बघा विजूताई, यात शर्ट आहेत, दोन ट्राउझर्स आहेत. मी हे परवा कामाच्या मावशींना देणारच होते, तेवढ्यात यांनी तुमचं सांगितलं. बरं झालं ना!"

"बरं झालं," विजयश्री म्हणाली.

सुजितचं लक्ष टीव्हीवरच्या मॅचमध्ये होतं. "होईल गं ताई तुझं," तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ." मग सोसायटीत कुणाच्या तरी वाढदिवसाला जायचं आहे म्हणून दोघं तयारीला लागली. विजयश्रीनं आपला कप विसळून ठेवला आणि पिशवी घेऊन ती निघाली.

खोलीवर येऊन तिनं एकेक कपडा अंगाला लावून पाहिला. शर्टाची बटणं छातीवर जुळेनात, ट्राउझर कमरेत अडकली. तिनं सगळं नीट घडी घालून पुन्हा पिशवीत भरलं. रडू वगैरे आलं नाही. फक्त संध्याकाळचा स्वयंपाक करायचा कंटाळा आला आणि ती चहाबरोबर चार टोस्ट खाऊन बसून राहिली.

सोमवारी शिफ्ट सुटल्यावर ती थेट पिंपरी कॅम्पातल्या कपड्यांच्या दुकानात गेली. दुकानदार पोरगेलासा दिसत असला तरी बोलण्यात तरबेज होता. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यानं त्याला जयदीप म्हणून हाक मारली.

"बोला ताई. मुलीसाठी बघायचंय का?"

"नाही. माझ्यासाठी."

"अच्छा. फंक्शनला?"

"कामाला. ऑफिसात."

त्यानं भराभरा ओढणीचे सेट उलगडले. गुलाबी, मोरपंखी, जरीकाठाचे. विजयश्रीनं ते हातानं बाजूला सारले. ऑफिस म्हटलं तरी सायली मॅडमच्या मागून लाइनवरच तर फिरायचं होतं. यंत्राजवळ ओढणी चालत नाही, घेरदार बाही चालत नाही. नव्या पोरींच्या वेण्या टोपीत कोंबताना हे तिनंच शंभर वेळा सांगितलं होतं.

"ओढणी नको. बाही अंगाबरोबर हवी. कापड सुती, रंग साधा."

"ताई, ओढणी सेटमध्येच येते."

"मग सेट नको. सुटं दाखवा."

शेवटी शेवाळी रंगाचा सरळ कुर्ता निघाला, बाही कोपराच्या थोडी खाली. तसाच एक राखाडी. त्यावर काळी सुती पँट. कपडे घेऊन ती ट्रायल रूममध्ये गेली आणि दचकलीच. तिच्या खोलीतल्या आरशात कपाळापासून हनुवटीपर्यंतच दिसायचं. इथं तिन्ही बाजूंनी आरसे. किती वर्षांनी ती स्वतःला अख्खी बघत होती. ट्रे उचलून उचलून डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आला होता, ते तिला आज कळलं. केस कानांपाशी पांढरे झाले होते. पण शेवाळी रंग तिला खुलत होता. ही बाई चांगली दिसते आहे, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं.

शेजारच्या खोल्यांतून मुली बाहेर येत होत्या, आईपुढे नाहीतर मैत्रिणीपुढे गिरकी घेऊन विचारत होत्या, "कसं दिसतंय?" विजयश्रीही दार उघडून बाहेर आली. जयदीप दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतला होता. ती दोन मिनिटं तिथं उभी राहिली. मग आत जाऊन तिनं कपडे बदलले.

मंगळवारी पहाटे शेवाळी कुर्ता आणि पायांत बंद काळे बूट घालून ती जिना उतरली. खाली घरमालकीण शालनबाई सडा टाकत होत्या. काळेवाडीतल्या जुन्या शेतकरी घरातल्या त्या. शेतं गेली, त्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या.

"व्हय गं, ओढणी इसरलीस का?"

"नाही आजी. आज अशीच जायचंय."

"अशीच?" शालनबाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं बाई. जा."

बसमध्ये चढली तर सगळीकडे आकाशी शर्ट. पूनम नेहमीप्रमाणे तिसऱ्या सीटवर होती. नऊ वर्षं दोघी शेजारी बसत होत्या, डबा वाटून खात होत्या.

"या मॅडम, बसा," पूनम हसून म्हणाली. मागच्या दोघीचौघी हसल्या. विजयश्रीही हसली. पण नाशिक फाटा मागे पडला, भोसरी गेली, तरी पूनम नेहमीसारखी सासूचं काही सांगेना. सारखी मोबाइलच बघत होती.

सायली मॅडम सत्तावीस-अठ्ठावीसच्या होत्या. लाइनवर जाण्याआधी त्यांनी आपली ओढणी काढून खुर्चीवर टाकली. "मला रोज हे करावं लागतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचार करून आलात, विजयश्रीताई." इतक्या दिवसांत तिच्या कपड्यांविषयी कुणी काही चांगलं बोललं ते हेच.

त्या दिवशी सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी नेमक्या पूनमच्या स्टेशनला, तिच्या कामाच्या जागेवर पोचल्या, तर नापास मालाच्या लाल पेटीत अकरा बिजागऱ्या पडलेल्या. भोकं किंचित सरकलेली. मॅडमनी कागद काढून कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटर' लिहिलं.

"ऑपरेटरची चूक दिसते. सेटिंग नीट केलं नाही."

पूनम खाली बघत उभी होती. विजयश्रीला बोलल्याशिवाय राहवेना.

"मॅडम, चूक तिची नाही. फिक्स्चरची पिन झिजलीय. तिनं दोनदा रजिस्टरला लिहिलंय, बघा."

रजिस्टर उघडलं. खरंच दोन नोंदी होत्या, पूनमच्या गोल अक्षरांत. मॅडमनी 'ऑपरेटर'वर काट मारली, 'पिन' असं लिहिलं, आणि तिथल्या तिथं लाइन बंद करायला लावली. बिजागरी जागेवर धरून ठेवणारी ती पिन बदलायला दोन तास गेले. दिवसाचं टार्गेट हुकलं आणि सगळ्या बायकांना शिफ्टनंतर थांबावं लागलं.

परतीच्या बसमध्ये पूनम तिसऱ्या सीटवर नव्हती, मागे जाऊन बसली होती. विजयश्री तिच्याजवळ गेली.

"पूनम, तुझ्यावर येऊ नये म्हणून बोलले गं मी."

"माहितीय. खरं तेच बोललीस." पूनमनं खिडकीबाहेर पाहिलं. "पण एक सांग विजू. परवापर्यंत तू माझ्या शेजारच्या स्टेशनला होतीस. तुला पिनचं माहीत होतं. तेव्हा लाइन बंद करायला लावलीस का?"

विजयश्रीला माहीत होतं. पिन लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून दोघींनी आठवडाभर चालवून घेतली होती. टार्गेट होतं, सुपरवायझर डोक्यावर होता. ती परत येऊन पुढच्या सीटवर एकटीच बसली.

गुरुवारी मुलाखत होती. धुऊन, इस्त्री करून पुन्हा तोच शेवाळी कुर्ता. राखाडी तिला ऐनवेळी फार निर्जीव वाटला. टेबलापलीकडे निरंजन सर, सायली मॅडम आणि पुण्याहून आलेले एक मोठे साहेब.

साहेबांनी विचारलं, "लाइनवरच्या मैत्रिणीची चूक सापडली, तर काय कराल?"

सायली मॅडमनी आदल्या दिवशीचं त्यांना सांगितलं असणार. हवं ते उत्तर विजयश्रीला ठाऊक होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"सर, त्या झिजलेल्या पिनवर मी स्वतः आठवडाभर लाइन चालवलीय. लिहून काही होत नाही, असं आम्हाला वाटायचं. रजिस्टरला लिहिलेलं कुणी वाचलं असतं, तर अकरा पीस वाया गेले नसते. मला ही जागा मिळाली तर मी रोज सकाळी आधी रजिस्टर वाचेन."

निरंजन सरांनी मान वर करून पाहिलं. साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं. आणखी दोन-तीन प्रश्न झाले आणि ते उठले.

शनिवारी पत्र आलं. जागा तिला मिळाली होती. तिनं सुजितला फोन केला. "अरे वा ताई! भारीच! पार्टी पाहिजे हां," तो म्हणाला, आणि मग दारावर कुणीतरी आलं म्हणून त्यानं फोन ठेवला. आणखी कुणाला कळवावं? एक-दोन नावं मनात आली. पूनमच्या नावावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

नवं काम सुरू झालं. पहिल्या दिवशी तिनं तिन्ही लाइनची रजिस्टरं वाचली, चार ठिकाणी खुणा केल्या, आणि दुपारपर्यंत त्यातल्या दोन दुरुस्त्या करवून घेतल्या. काम तिला येत होतं, त्याची तिला शंका नव्हती. जेवायच्या सुट्टीत सायली मॅडम बाहेर गेल्या होत्या. कँटीनमध्ये ऑफिसच्या बाजूला दोन टेबलं होती. तिथले लोक तिला ओळखत नव्हते. ती डबा घेऊन सरळ आपल्या जुन्या टेबलाकडे गेली.

सगळ्यांनी वर पाहिलं. मग पूनमनं सरकून जागा केली.

"बस. काय आणलंयस?"

"मेथी."

पूनमनं विचारल्याशिवाय मेथी घेतली आणि आपल्या डब्यातलं लोणचं तिच्या झाकणात ठेवलं. कुणीतरी मुलाच्या शाळेचं सांगायला लागलं. कोपरखळ्या झाल्या, हसणं झालं. विजयश्री भराभर बोलत होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

मग भोंगा झाला. खुर्च्या सरकल्या, डबे खटाखट बंद झाले, टोप्या डोक्यावर चढल्या. तीही सवयीनं उठली.

"तू कशाला उठतेस?" पूनम म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "ऑफिसची सुट्टी पाऊण तास असते. जेव सावकाश."

आकाशी शर्टांची रांग दारातून बाहेर पडली. विजयश्री खाली बसली. अजून पंधरा मिनिटं होती आणि लांबलचक टेबलावर तिचा एकटीचा डबा होता. तिनं पोळीचा तुकडा मोडला, लोणच्याला लावला आणि सावकाश जेवू लागली.